कांदा स्वस्त होता म्हणून

एल रीनोच्या बर्गरमध्ये कांदा वरून ठेवत नाहीत, मांसात दाबतात. तापलेल्या लोखंडी तव्यावर आधी खिम्याचा गोळा पडतो, त्यावर गोळ्याएवढाच, कधी त्याहूनही मोठा कांद्याचा ढीग, आणि मग रुंद उलथन्याने जोर लावून सगळं सपाट करतात. कच्चा कांदा कच्च्या मांसात रुतून बसतो. उलटलं की कांद्याची बाजू तव्याला लागते, आणि त्यानंतर दुकानात जो वास सुटतो तो मराठी नाकाला अजिबात परका नाही. चरबी वेगळी, तवा वेगळा, गाव तर फारच वेगळं. पण कांद्याच्या कडा करपायला लागल्या की वास तोच येतो.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीतून आय-४० हा महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर हे एल रीनो लागतं. सपाट माळ, तांबडी माती, धान्याची उंच कोठारं आणि वारा. इथल्या वाऱ्याबद्दल बोलायला बसलं तर रात्र पुरायची नाही. ३१ मे २०१३ रोजी याच गावाजवळून गेलेला टोर्नेडो २.६ मैल रुंद होता, आजवर नोंद झालेल्यांत सगळ्यांत रुंद. हवामानाच्या अभ्यासकांना एल रीनो त्यासाठी माहीत असतं. ओक्लाहोमाच्या माणसाला मात्र गावाचं नाव काढलं की आधी बर्गर आठवतो, वादळ मागाहून.

गावात या बर्गरची तीन नावाजलेली दुकानं आहेत. रॉबर्ट्स ग्रिल १९२६पासूनचं, म्हणजे ज्या वर्षी रूट ६६ हा रस्ता जाहीर झाला त्याच वर्षीचं. जॉनीज १९४६चं, आणि सिड्स त्यानंतरचं. तीनही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. गावकऱ्यांचं आपापलं दुकान ठरलेलं असतं आणि त्यावरून होणारे वाद मिसळीवरून होणाऱ्या वादांइतकेच निष्फळ असतात. आम्ही त्यांतल्या कुठल्या दुकानात गेलो ते म्हणूनच लिहीत नाही. मला याच राज्यात राहायचंय.

अमेरिकन फास्ट फूड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखळी दुकानं येतात : पिवळी कमान, लाल पाटी, जगभर एकच चव. पण साखळ्यांच्या आधी आणि त्यांच्या बाजूने इथे गावोगाव एका तव्याची दुकानं होती. काउंटर, त्यापुढे मोजकी स्टुलं, पलीकडे तवा आणि तव्यामागे एक माणूस. ऑर्डर द्या, तुमच्या डोळ्यांदेखत होईल, कागदात गुंडाळून हातात पडेल. पहिली मोठी साखळी म्हणतात ती व्हाइट कॅसल सुरू झाली १९२१मध्ये, शेजारच्या कॅन्ससमधल्या विचिटा शहरात. एल रीनोहून गाडीने अडीच-तीन तासांचा रस्ता. वॉल्टर अँडरसन नावाच्या स्वयंपाक्याचं तंत्र आणि बिली इंग्रॅम या धंदेवाल्याची दृष्टी. पाच सेंटला एक चौकोनी बर्गर. तोही कांद्याबरोबरच भाजलेला. थोडक्यात, कांदा आणि खिमा एका तव्यावर आणण्याची कल्पना या माळरानावर तेव्हा हवेतच होती. एल रीनोने फक्त कांद्याचं प्रमाण बेसुमार वाढवलं.

का वाढवलं, त्याची गोष्ट गावात सगळे सांगतात. एल रीनो रेल्वेचं गाव. रॉक आयलंड कंपनीच्या मोठ्या कार्यशाळा इथे होत्या. १ जुलै १९२२ रोजी देशभरातल्या रेल्वे कार्यशाळांमधले सुमारे चार लाख कामगार मजुरी कपातीविरुद्ध संपावर गेले. पगार बंद, घरात पोरंबाळं, आणि बर्गर तर पाच सेंटलाच विकायचा, कारण सहावा सेंट कुणाच्या खिशात नव्हता. मांस महाग, कांदा मातीमोल. मग ‘हॅम्बर्गर इन’ चालवणाऱ्या रॉस डेव्हिस यांनी मांस कमी केलं आणि कांदा वाढवला, इतका पातळ चिरून की दाबल्यावर मांस कुठे संपतं आणि कांदा कुठे सुरू होतो ते कळू नये. कुणी ही गोष्ट संपाशी जोडतं, कुणी पुढे १९३०च्या दशकातल्या महामंदीशी. बहुधा दोन्ही खरं असावं. संपात सुरू झालं आणि मंदीत मुरलं. दुकानदाराची लबाडी म्हणा किंवा गिऱ्हाइकाची सोय, पण बर्गर दिसायला मोठा राहिला आणि किंमत पाच सेंटच राहिली.

ही गोष्ट मी मामांना गाडीत सांगत होते. मामा निफाड तालुक्यातले. आयुष्यभर कांदा केला, अजूनही करतात. मुलगा डॅलसला असतो, त्याच्याकडे आले होते. शेतीचं धाकटा बघतो. उन्हाळ कांदा काढून, साठवणीच्या कांदाचाळीत टाकून, मगच विमानात बसले होते. डॅलसला महिनाभर सून-मुलगा कामावर आणि हे घरात, म्हणून मी चार दिवस आमच्याकडे घेऊन आले. ओक्लाहोमात पाहुण्याला काय दाखवायचं हा प्रश्नच असतो. समुद्र नाही, डोंगर नावापुरते. म्हटलं, कांदा दाखवू.

गोष्ट ऐकून मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्हंजे इथंबी कांदा स्वस्तच व्हता तर.”

ही गोष्ट मी एवढ्या वेळा ऐकली आणि सांगितली आहे, पण ती ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून ‘काय हुशार माणूस’ हेच निघतं. कांदा स्वस्त होता या अर्ध्या वाक्यापाशी थांबलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. खाणारा संपकरी दिसतो, दुकानदार दिसतो, महाग झालेल्या मांसाचा हिशोबही दिसतो. कांदा स्वस्त होता म्हणजे कुणाचा तरी कांदा स्वस्तात गेला होता, तो माणूस गोष्टीत कुठेच नाही. मामांना आधी तोच दिसला. साहजिक आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला, ही बातमी तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भाव जरा वर सरकले तर निर्यातबंदी आली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. मामांना हे सगळं तारीखवार पाठ आहे. मी विषय काढला नाही.

दुकानात शिरलो. दुपारचा एक वाजून गेला होता तरी स्टुलं भरलेली. बांधकामावरचे दोघे, एक आजी आणि त्यांची नात, एक शेरीफच्या खात्यातला माणूस. कोपऱ्यातली दोन स्टुलं रिकामी झाली तशी आम्ही बसलो. समोर तवा, हातभर अंतरावर. इथे मेन्यू वाचत बसायचं कारण नसतं. कांद्याचा बर्गर, कोनी, फ्राइज, शेक. कोनी म्हणजे हॉटडॉगवर चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा, आणि त्यावर मोहरी घातलेली कोबीची आंबटसर कोशिंबीर. ती कोशिंबीर हे एल रीनोचं खास प्रकरण आहे आणि ती खिचडीबरोबर सुद्धा चालेल असं माझं मत आहे, जे मी नवऱ्याशिवाय कुणाला सांगत नाही.

आता बीफचं. मी खाते. इथे आल्यावर केव्हातरी सुरू झालं, त्याचं मला कौतुक नाही आणि अपराधीही वाटत नाही. पण ज्यांच्या गोठ्यात बैलजोडी उभी आहे आणि पोळ्याला जे स्वतः बैलांची खांदेमळणी करतात, त्यांच्या शेजारी बसून खायचं का, हा प्रश्न मी घरून निघतानाच विचारला होता. “मामा, तुम्हाला चालणार नसेल तर मीही नुसत्या फ्राइज घेते.” मामा म्हणाले, “तू खा गं. मी काय तुझ्या ताटात बघाया आलोय का?” आणि जरा थांबून, “मला कांदा मिळंल ना?”

मी तव्यामागच्या माणसाला सांगितलं की माझ्या मामांना मांस नको, चीज आणि कांदा घालून बन देता येईल का. त्याने मामांकडे बघितलं. धोतर नव्हतं, पण गांधी टोपी होती. मग त्याने आपणहून तव्याचं एक टोक खरवडून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, परत खरवडलं आणि त्यावर लोण्याचा तुकडा टाकला. मी काही मागितलं नव्हतं तेवढं. मामा हे सगळं पापणी न लववता बघत होते. “माणूस चोख हाय,” म्हणाले.

मग कांदा आला. यंत्रावर कापलेला, येवल्याच्या पतंगाच्या कागदाइतका पातळ. एवढं पातळ कापण्याला कारण आहे. जाड चकत्या असतील तर मांस होईपर्यंत कांदा कच्चा राहतो आणि दाबला तरी सुटून येतो. पातळ असला की दाबताक्षणी त्याच्यातलं पाणी निघतं, त्या पाण्याची वाफ होते, वाफेवर मांस आतून शिजतं, आणि पाणी संपलं की कांद्यातली साखर तांबूस व्हायला लागते. उलटवल्यावर तव्याला लागलेला कांदा करपायच्या किंचित अलीकडे असताना बनचे दोन्ही भाग पॅटीवर पालथे ठेवतात, म्हणजे उरलेली वाफ बनमध्ये शिरते. बन वेगळा भाजत नाहीत. त्यामुळे तो मऊ, ओलसर आणि कांद्याच्या वासाने भिजलेला होतो. हे सगळं एक माणूस एकाच वेळी दहा-बारा बर्गरांसाठी करत असतो आणि मधूनच हिशोबही करतो.

मामांनी काउंटरवर ओणवं होऊन कापायच्या राहिलेल्या कांद्यांकडे बोट केलं. त्या माणसाने एक उचलून त्यांच्या हातात दिला. पिवळा, मुठीत न मावणारा. मामांनी तो फिरवला, मान चिमटीत धरून पाहिली, वरची पत्ती नखाने जरा सोलली.

“मान बारीक हाय. पर पत्ती एकच. आपल्या चाळीत न्हाई टिकायचा.” मग हाताने वजन तोलून, “पाणी लई आहे ह्याच्यात.”

पाण्याचं त्यांचं बरोबर होतं आणि या बर्गरला तेच हवं असतं. आपला उन्हाळ कांदा टणक, कमी पाण्याचा, तिखट. टिकण्यासाठी निवडत निवडत आणलेला. इथला हा मोठा पिवळा कांदा तव्यावर पडला की आधी पाणी सोडतो आणि निवांत रंगतो. नंतर एकदा मी घरी भारतीय दुकानातला लाल कांदा आणि चिकनचा खिमा घेऊन हे करून पाहिलं. कांदा भराभर काळा पडला, चिकनमध्ये चरबी नाही म्हणून पॅटी तव्याला धरून बसली. चव वाईट नव्हती. पण ते कटलेट झालं, बर्गर नाही.

बर्गर कागदातून आला. चीजचा तुकडा वितळून कडेला ओघळलेला, मोहरी, काकडीचं लोणचं आणि बस. टोमॅटो, लेट्यूस, मेयोनीज असलं काही नाही. मागितलं तर देतात, पण शेजारचे बघतात. पहिल्या घासाला लक्षात येतं की मांस चवीला दुय्यम आहे. आधी कडेचा कुरकुरीत, जवळपास कडू कांदा, मग आतला मऊ गोड कांदा, मग मांसाचा खारटपणा, आणि शेवटी मोहरीची झणझण. साखळी दुकानांतल्या बर्गरमध्ये प्रत्येक थर आपापल्या जागी असतो. हा मात्र एकजीव असतो. एका हाताने खाता येत नाही, कांदा कागदात सांडत राहतो आणि तो बोटांनी वेचून खायचा असतो. सगळेच खात होते. शेरीफवालाही.

मामांनी आपला बन उघडून आत बघितलं, कांदा आणि चीज. बंद केला, खाल्ला. अर्धा झाल्यावर म्हणाले, “भाकरीबरोबर अजून ब्येस लागंल.” हे त्यांच्या लेखी उत्तम प्रमाणपत्र आहे. ताजमहालाविषयी त्यांचं मत इतकं चांगलं नाही.

साखळ्यांनी कांद्याचं काय केलं हेही सांगायला हवं. मॅकडॉनल्ड बंधूंनी १९४८मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये आपलं दुकान बदलून मेन्यू छाटला, कामाची विभागणी केली आणि १५ सेंटला बर्गर विकायला सुरुवात केली. पुढे त्या नावाची साखळी झाल्यावर एका पौंडात दहा पॅट्या बसवल्या गेल्या, म्हणजे एक पॅटी पंचेचाळीस ग्रॅमची. मांस तिथेही कमीच. पण हजारो दुकानांत रोज कांदा चिरायचा, तो ओला, डोळ्यांतून पाणी काढणारा, प्रत्येक हंगामात वेगळा निघणारा, हे त्या व्यवस्थेत बसणारं नव्हतं. म्हणून त्यांच्या साध्या बर्गरवर जो बारीक कांदा असतो तो वाळवलेला आणि वापरण्याआधी पाण्यात भिजवून फुलवलेला असतो. मामांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. जळगावकडे पांढरा कांदा वाळवण्याचा मोठा कारखाना आहे, तिकडचे शेतकरी कंपनीशी करार करून तो लावतात, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. “भाव आधी ठरतो, ते बरं असतं,” एवढंच म्हणाले. ताज्या कांद्याची थोरवी मी गाणार होते, ती माझ्या घशातच राहिली. खाणारीला जे कमअस्सल वाटतं तेच पिकवणाऱ्याला रात्री झोप देणारं असू शकतं.

एल रीनोच्या बर्गरचं आता बरं चाललंय. देशभरातून लोक येतात, टीव्हीवाले येऊन गेले, मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांतही ‘ओक्लाहोमा पद्धतीचा’ बर्गर मिळतो आणि तिथे त्याची किंमत वाचून संपावरचा रेल्वे कामगार चक्कर येऊन पडला असता. आपल्याकडे १९९५मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली होती. आज हायवेवरच्या ‘अस्सल गावरान’ थाळीत तोच झुणका केवढ्याला मिळतो ते प्रत्येकाने आपापल्या बिलात पाहावं. एल रीनो दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बर्गरचा दिवस साजरा करतं, रस्त्यावर एक अवाढव्य कांदा-बर्गर भाजतात, साडेआठशे पौंडांच्या पुढचा, आणि गावात वाटतात. ज्या रॉक आयलंड रेल्वेच्या संपावरून ही गोष्ट सांगतात ती कंपनी मात्र १९८०मध्ये कायमची बंद पडली. एका जमान्यात गाव तिच्यावर जगलं, आज तिच्या संपातल्या जेवणावर त्याचं नाव चालतं.

निघताना मामांना दुकानाच्या मागची खोली बघायची होती. कांदा कुठे ठेवतात ते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मी विचारलं, आणि गर्दी ओसरली होती म्हणून तो माणूस खरंच घेऊन गेला. जाळीच्या पोत्यांत कांदा, पन्नास पौंडांचं एक पोतं, थप्पी लावलेली. शेजारी बटाट्याची पोती. मामांनी हात लावून पाहिलं, वास घेतला आणि मला म्हणाले, “त्याला सांग, बटाटा कांद्याला खेटून ठेवू नको. दोन्ही लवकर जातात.”

मी सांगितलं. तो हसला, म्हणाला की त्याच्या आजोबांनीही हेच सांगितलं होतं, फक्त जागा नाही. मामा म्हणाले, “त्या भिताडाला जागा हाय की.” मी तेही सांगितलं. त्याने भिंतीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून बटाट्याची चार पोती पलीकडे सरकवली. मामा पंचाहत्तरीला आले आहेत, पण पोतं उचलायची त्यांची पद्धत अजून हमालाची आहे. आधी कान धरायचे, मग गुडघा लावायचा. तो माणूस टोपी काढून काहीतरी म्हणाला ते मला यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही. मामांनी मान हलवली, जणू त्यांना कळलं.

बिल मामांनीच दिलं, माझ्याकडून डॉलर घेऊन. टिपेच्या बरणीत टाकायला आणखी दोन मागून घेतले.